किरणोपचारातील थकवा : हा आळस नव्हे

आळंद तालुक्यातील खजुरी हे महाराष्ट्राच्या सीमेस लागून असलेले गाव. येथे कानडी आणि मराठी ह्या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. आणि मोठे दुखणे उद्भवले म्हणजे कोणी कलबुर्गीची वाट धरतो, तर कोणी सोलापूर-बार्शीची. कर्करोग हे असेच एक दुखणे. सीमेपलीकडील धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळीच ओळखण्याविषयी १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. त्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. हा रोग आपल्या भागातील स्त्रियांच्या किती निकट आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

ह्या रोगावर किरणोपचार हा एक प्रमुख उपाय होय. आपल्याकडे लोक त्यास ‘लाईट घेणे’ म्हणतात. साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे पाच आठवडे बाहेरून किरण देतात व त्यास जोडून काही वेळा आतूनही देतात. बाहेरून किरण घेताना दर खेपेस काही मिनिटेच लागतात आणि वेदना मुळीच होत नाहीत. परंतु दुसरा-तिसरा आठवडा उजाडला की बाईस विलक्षण थकवा जाणवू लागतो. रात्रभर निजूनही तो जात नाही. चार भाकऱ्या थापणेही तिला डोंगराएवढे वाटते.

मग घरात बोलणी सुरू होतात. कोणी म्हणते, ‘हिला आळस चढला.’ कोणी म्हणते, ‘रोग वाढला.’ आणि कोणी सल्ला देते, ‘लाईटने रक्त आटले, आता पुरे करा.’ वाचकहो, ह्या तिन्ही बोलण्यांचे उत्तर शरीरातच शोधले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

किरण कर्करोगाच्या पेशींचा नाश करतात; परंतु वाटेतील काही निरोगी पेशींनाही इजा होते. ती दुरुस्त करण्यासाठी शरीर दाह उत्पन्न करते आणि सायटोकाइन नावाची द्रव्ये रक्तात सोडते. त्यांचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि मेंदू शरीरास स्वस्थ पडून राहण्याची आज्ञा देतो. तापात अंग गळून जाते, त्याच्याही मुळाशी हेच द्रव्य असते. तेव्हा हा आळस नव्हे.

दुसरे कारण रक्ताचे. ह्या रोगात रक्तस्राव होत असतो. शिवाय कमरेच्या हाडांतील ज्या मगजात रक्त तयार होते, त्यावरही किरण पडतात. स्त्रीच्या रक्तात दर १०० मिलीलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर तो पंडुरोग समजावा. असे रक्त स्नायूंना पुरेसा प्राणवायू पोहोचवू शकत नाही. रक्त कमी झाल्याची शंका अशा रीतीने खरी ठरू शकते. पण त्यावर उपाय रक्त तपासून ते वाढविणे हा आहे, उपचार सोडणे हा नव्हे.

ह्याखेरीज अन्नावरील वासना उडते, जुलाब होतात, स्नायू झिजतात, झोप मोडते. त्यातच रोज दवाखान्याची खेप आणि घराची काळजी! ह्या साऱ्यांची बेरीज म्हणजे हा थकवा. तो हळूहळू चढतो, उपचाराच्या अखेरीस सर्वांत अधिक असतो व नंतर काही आठवड्यांत उतरू लागतो. क्वचित् महिनेही लागतात. म्हणून केवळ थकवा वाढला, एवढ्यावरून रोग वाढला असे अनुमान काढू नये.

उपचार मध्येच थांबविणे मात्र घातक होय. खंड पडला की उरलेल्या रोगट पेशी पुन्हा वाढू लागतात. ह्याच कारणास्तव गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एकंदर किरणोपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा करण्यावर डॉक्टर भर देतात.

मग घरच्यांनी काय करावे? पाण्याची घागर आणि चूल काही दिवस दुसऱ्याने सांभाळावी. थोडे थोडे पण वारंवार खाऊ घालावे. वरण, अंडी, दूध, जे पचेल ते द्यावे. दुपारी थोडी विश्रांती असावी, परंतु दिवसभर अंथरुणास खिळून राहू नये. डॉक्टरांच्या संमतीने रोज थोडे चालल्याने हा थकवा कमी होतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. ताप, धाप किंवा अधिक रक्तस्राव झाल्यास मात्र तत्काळ डॉक्टरांस कळवावे.

घरात ज्या बाईने आजवर सर्वांची उस्तवार केली, तिला ह्या काही आठवड्यांत बोल लावण्याऐवजी हात द्यावा, आणि तिची एकही खेप चुकू देऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.