चिंचोक्यांची बँक

तुमच्या ऑफिसात इन्सेंटिव्हचा मेल आला की काय होतं, आठवा. टार्गेट तेच, बॉस तोच, पण सोमवारची सकाळ जरा कमी जड वाटते. आता समजा, बॉस नुसतंच म्हणाला, 'नीट वागा, मग बघू काहीतरी.' कोण हलेल जागचं?

हा प्रश्न मला पडला तो नांदूरघाटला. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं हे गाव, माझ्या मावसबहिणीचं सासर. ताईचा मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न. बोलतो मोजकंच, पण ट्रॅक्टर म्हणजे जीव की प्राण! उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जायला लागले की आवाजासरशी हा सुसाट रस्त्यावर. एकदा त्याला चाकापासून हातभर अंतरावरून ओढून काढलं होतं. ते सांगताना ताई आजही मध्येच गप्प होते.

रागावून झालं, कडी लावून झाली, बिस्किट दाखवून झालं. बिस्किट तर उलटंच पडलं. पळाला की परत आणायला बिस्किट, म्हणजे पळालं की बिस्किट मिळतं, हे पोरानं अचूक हेरलं! लाच आणि बक्षीस यातला फरक इथेच आहे. गोंधळ थांबावा म्हणून दिली ती लाच. आधी ठरवून, हवं तसं वागल्यावर मिळतं ते बक्षीस.

मग एका स्पेशल एज्युकेटरने फोनवरून ताईला नवा हिशेब शिकवला. 'शहाण्यासारखा वाग' हे टार्गेट बाद, कारण ते मोजता येत नाही. 'आवाज आला की फाटकाच्या आत थांब' हे चालेल. थांबला की त्याच क्षणी शाब्बासकी आणि हातात एक चिंचोका. चिंचोकाच का? तर घरात डबाभर होते! (लेकरू वस्तू तोंडात घालत असेल तर चिंचोके नकोतच. पुठ्ठ्याचे मोठे रंगीत तुकडेही चालतात.)

आणि चिंचोके वटवायचे कुठे? अंगणात उभ्या असलेल्या चुलत्याच्या ट्रॅक्टरवर. सुरुवातीला एका चिंचोक्याला एक हॉर्न, मग तीनला, आता पाच साठले की पाच मिनिटं सीटवर. किल्ली अर्थात चुलत्याच्या खिशात.

ज्याच्यापायी पोरगं रस्त्यावर धावायचं, तेच बक्षीस! मला हे भारी वाटलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये हेच मांडलं होतं. माणूस जे आपणहून करायला धावतो, ते कमी आवडीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. तिकडे याला 'आजीचा नियम' म्हणतात, आधी भाजी संपव, मग गोड. टोकनची पद्धत रुळवली ती आयलॉन आणि एझ्रिन या जोडीने, १९६०च्या दशकात, इलिनॉयमधल्या एका मनोरुग्णालयात. अंथरूण आवरलं, दात घासले की टोकन, आणि टोकनांवर खाऊ नाहीतर बाहेर फेरफटका.

नांदूरघाटात मात्र आजीचा नियम मोडला तो आजीनेच!

"लेकराचं तोंड बघवत न्हाई गं," म्हणत ताईच्या सासूबाई पदराआडून दोन-चार चिंचोके फुकट सरकवायच्या. फुकट मिळतंय तर थांबायचं कशाला? त्यात पळाल्यावरचं बिस्किट बंद झालेलं. पहिल्या आठवड्यात किंचाळणं आणि डोकं आपटणं दुप्पट झालं. जुना हट्ट सुटण्याआधी चढतो, हे ताईला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती टिकली. तेवढे दिवस फाटकाला कुलूप आणि एक माणूस कायम त्याच्याजवळ.

सासूबाईंशी भांडण्यात अर्थ नव्हता. ताईने सरळ डबाच त्यांच्या हवाली केला. "आत्याबाई, आजपासून बँक तुमची. तुम्ही द्याल तरच मिळेल." मॅनेजर झाल्यावर बाईंचा रुबाबच बदलला! माया तेवढीच, पण हिशेब कडक. आता ताईनेही वशिला लावून बघावा, जादा चिंचोका सुटत नाही.

मी होते त्या दोन दिवसांत पोरगं चारदा थांबलं. एकदा नाही थांबलं, थेट फाटकाच्या कडीपर्यंत गेलं. ताईने हात धरून आत आणलं, बस्स. ओरडा नाही, बिस्किट नाही, साठलेले चिंचोकेही कुणी काढून घेतले नाहीत. कमावलेलं परत घ्यायचं नाही, असा त्या घरात करारच आहे. (आमच्याकडे पगारातून कापतात, असं मी म्हटलं. ताई हसली नाही.)

निघायच्या दिवशी फोनला रेंज मिळेना, म्हणून मी बाहेर पडले आणि घाईत फाटक नुसतंच लोटलं. तेवढ्यात मोठ्याने गाणी वाजवत उसाचा ट्रॅक्टर आला. मी वळून बघितलं तर फाटक सताड उघडं! पोटात गोळाच आला. पोरगं मात्र उंबऱ्यासारख्या त्या फरशीच्या आत, जागच्या जागी उड्या मारत होतं. दोन्ही हात हवेत, नजर ट्रॉल्यांवर, आणि पाय आत.

ट्रॅक्टर गेला. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात फिरवला, डबा उघडला, तळहातावर चिंचोका ठेवला. मग फाटकाची कडी लावत माझ्याकडे बघितलं.

"तुला न्हाई मिळायचा, बाई. तू पळालीस रस्त्यावर."