शब्दशोधाचें साधन आणि मराठी मजकूर

वडनेर या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत. एक वर्धा जिल्ह्यांत, हिंगणघाट तालुक्यांत. दुसरें नाशिककडील वडनेर भैरव. शिवाय अमरावती जिल्ह्यांतील वडनेर गंगाई आणि बुलढाण्याकडील वडनेर भोलजी. समजा, वर्ध्याकडील एखाद्या वाचनालयानें जुन्या मासिकांचा मजकूर संगणकांत उतरवून घेतला, आणि हिंगणघाटाजवळच्या वडनेरविषयीं त्यांत काय काय छापून आलें आहे हें पाहावयाचें ठरविलें. हजारों पानें डोळ्यांखालून घालणें कोणालाहि शक्य नाहीं. त्यासाठीं शब्दसूची लागते.

ग्रंथाच्या शेवटीं असते तीच ही सूची. भेद इतकाच कीं, ती निवडक शब्दांची नसून प्रत्येक शब्दाची असते, आणि शब्दापुढें केवळ पानच नव्हे, तर पानांतील त्याचें स्थानहि नोंदलेलें असतें. स्थान ठाऊक असल्यामुळेंच ‘वडनेर’ व ‘हिंगणघाट’ हे शब्द जवळजवळ आलेलीं पानें निराळीं काढतां येतात; भैरव आणि भोलजी आपोआप बाजूला राहतात.

अशी सूची बांधणारें एक मोफत साधन म्हणजे झेपियन. त्याचें मूळ मार्टिन पोर्टर यांनीं १९८० च्या दशकांत केंब्रिज येथें उभारलेल्या मस्कॅट या शोधयंत्रणेंत आहे. झेपियन हें सी प्लस प्लस या भाषेंत लिहिलेलें आहे. ती भाषा वेगवान खरी, पण मोठी काटेकोर. वाचनालयांतील हौशी कार्यकर्त्यास १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली पायथन ही भाषा अधिक सोयीची. या दोहोंमध्यें एक दुभाषा लागतो. तो सर्वस्वीं हातानें लिहावा लागत नाहीं. डेव्हिड बीझली यांनीं १९९५ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथें आरंभिलेलें स्विग हें साधन त्याचा बराचसा भाग स्वतःच तयार करतें.

डेबियन किंवा उबुंटू प्रणालीच्या संगणकावर दुभाषा बसविणें सोपें आहे. प्रणालीच्याच भांडारांतून पायथन तीनसाठींचें झेपियनचें पॅकेज मागवावें. मूळ साधन व दुभाषा दोन्ही जुळत्या आवृत्तींत येतात. सर्व कांहीं मुळापासून बांधावयाचें असेल, तर आधीं गाभा व मग दुभाषा हा क्रम पाळावा. दोहोंचा आवृत्तिक्रमांक एकच असावा, आणि पायथनच्या हेडर फाइली संगणकावर आधींच असाव्यात. एवढें करूनहि पुष्कळांची गाडी एका ठिकाणीं अडते. पायथनचें प्रत्येक काम स्वतंत्र आवरणांत करण्याची चाल आहे, आणि त्या आवरणास प्रणालीनें बसविलेलीं पॅकेजें दिसत नाहींत. आवरण तयार करतांनाच तशी मुभा दिली म्हणजे ‘झेपियन सांपडत नाहीं’ ही तक्रार मिटते. मग पायथनमध्यें झेपियन बोलावून त्याचा आवृत्तिक्रमांक छापून पाहावा. तो उमटला कीं दुभाषा बसला.

मराठीची परीक्षा तेथून पुढें सुरू होते. पायथनचें शब्द वेगळे करण्याचें नेहमींचें सूत्र अक्षरें व अंक यांनाच शब्दाचा भाग मानतें. काना, मात्रा, वेलांटी त्याच्या हिशेबीं शब्दाबाहेरच्या. त्यामुळें तें ‘वडनेर’चे ‘वडन’ आणि ‘र’ असे दोन तुकडे करतें, आणि गांवच सूचींतून नाहींसें होतें! झेपियनचा स्वतःचा शब्दविभाजक मात्रा सांभाळतो, म्हणून तोडणी त्याच्याकडेच सोंपवावी. मात्र वेगळें सांगितल्यावांचून ६४ बाइटांहून लांब शब्द तो सूचींत घेत नाहीं. इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात. म्हणजे मराठीच्या वांट्याला २१ चिन्हें येतात. ‘विश्वविद्यालयांकडूनसुद्धां’ या एका शब्दांत २६ आहेत. ही मर्यादा वाढवितां येते, व मराठीसाठीं ती वाढवावीच.

प्रत्ययांचा प्रश्न अधिक बिकट. ‘वडनेरला’, ‘वडनेरहून’, ‘वडनेरच्या’ हे संगणकाला तीन निराळे शब्द, आणि इंग्रजी शब्दांचें मूळ शोधणारा नियमसंच येथें निरुपयोगी. प्रत्यय छाटण्याचे नियम पायथनमध्यें थोडक्या ओळींत लिहितां येतात. दुभाष्याची खरी किंमत येथेंच कळते. पण ‘ला’ सरसकट छाटला तर ‘कला’चा नुसता ‘क’ उरतो. म्हणून मूळ शब्द आणि छाटलेला शब्द दोन्ही सूचींत घालावेत.

जुन्या मासिकांत आणखी एक गुंता आहे. १९६२ च्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीचें ‘गांव’ व नंतरचें ‘गाव’ संगणकाला एक वाटत नाहींत. अनुस्वार गाळलेलें रूप जादा नोंदविलें तर दोन्ही सांपडतात. ‘वंश’ शोधतांना ‘वश’ येईल खरा, पण नको असलेलें पान उलटतां येतें. न सांपडलेलें पान होतें हेंहि कळत नाहीं. मजकुरास लावलेले हेच नियम विचारलेल्या शब्दासहि लावावे लागतात, आणि नियम बदलला कीं सगळी सूची पुन्हा बांधावी लागते.