रक्ताची गुठळी : रक्षक की शत्रू?

पेन्सिलीला टोक करताना बोट कापले, तर थोडे रक्त येते आणि काही मिनिटांत थांबते. ते थांबलेच नाही तर?

विद्यार्थी मित्रांनो, बाळंतपणात हाच प्रश्न मोठा होऊन उभा राहतो. बाळ जन्मल्यावर वार सुटते व गर्भाशयात मोठी जखम उरते. म्हणून शरीर आधीच तयारीला लागते. गरोदरपणी इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते, त्यामुळे यकृत रक्त गोठविणारे घटक अधिक बनवते. बाळंतपणानंतर ते पूर्ववत व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. या काळात नको तिथेही गुठळी होऊ शकते.

फुप्फुसात अडकणारी गुठळी पायाच्या शिरेतून वाहत येते, हे जर्मन वैद्य रूडोल्फ फिरखो यांनी दाखविले. त्यांचा लेखसंग्रह १८५६ साली निघाला. गुठळीची तीन कारणे आज त्यांच्या नावाने ओळखली जातात : रक्त मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती. बाळंतिणीच्या बाबतीत तिन्ही एकत्र येऊ शकतात.

आता थोडे भौतिकशास्त्र पाहू. पायातले रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर कसे चढते? चालताना पोटरीचे स्नायू शिरा दाबतात आणि शिरांतील झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. हा झाला आपला हातपंप! बाजेवर पडून राहिले की पंप थांबतो. म्हणूनच डॉक्टरांनी सांगताच बाळंतिणीने उठून चालावे.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळीचाही यकृतावर असाच परिणाम होतो. १९६० साली अमेरिकेत मान्य झालेल्या पहिल्या गोळीत ते १५० मायक्रोग्रॅम होते. आज बहुधा २० ते ३५ असते. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला गुठळीचे प्रमाण असे : गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांत १ ते ५, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९, गरोदरपणी ५ ते २०, बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, याच वार्षिक दराने, ४० ते ६५. म्हणजे गोळीपेक्षा बाळंतपणाचा धोका मोठा. पण एकात दुसऱ्याची भर नको. म्हणून बाळंतपणानंतर निदान तीन आठवडे, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने निदान सहा आठवडे, ही गोळी टाळावी. पुढेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

घरात बाळंतीण असेल तर एवढे लक्षात ठेवा : एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे. यांपैकी काहीही दिसले, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून थांबू नका. तिला ताबडतोब रुग्णालयात न्या.