गोठ्यातला कॅमेरा आणि राउटरची आतली पानं

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत आणि केडगावच्या मधल्या पट्ट्यात भांडगाव लागतं. या भागात फायबरची तार गावठाणातच थांबत नाही, खांबाखांबावरून उसाच्या कडेने वस्तीवरच्या घरापर्यंत जाते. घरातला डबा बसवायला आलेला मुलगा वायफायचं नाव आणि पासवर्ड टाकून देतो आणि निघतो. पुढे घरात गोठ्यावरचा कॅमेरा येतो, मुलांचे ऑनलाइन क्लास सुरू होतात, आणि मग डब्याच्या ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणवल्या जाणाऱ्या पानांशी गाठ पडते. ही पानं समजण्यासारखी आहेत. त्यांतली कोणती आपली आणि कोणती नेटच्या कंपनीची, एवढं आधी कळायला हवं.

सुरुवात दिव्यांपासून करावी. आपण ज्याला मोडेम म्हणतो तो डबा दोन कामं करतो: तारेतला प्रकाश विजेच्या संदेशात बदलतो, आणि तो संदेश घरातल्या फोन-टीव्हींना वाटतो. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर प्रकाश नीट येतोय. ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर तार तुटलीय, वाकलीय किंवा कनेक्टर सैल झालाय, आणि कुठलंही सेटिंग बदलून ती जुळत नाही. खांबावरची एकच तार स्प्लिटरने बऱ्याचदा ३२ किंवा ६४ घरांत विभागलेली असते, म्हणून मिळणारा प्रकाश मुळातच थोडा असतो. डब्याच्या माहितीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ दिसते. ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान हवी. उणे २८-२९ दिसत असेल तर आपलं काम एकच, तो आकडा फायबरवाल्याला सांगणं. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीपेक्षा हा आकडा त्याला लवकर हलवतो.

आत शिरायचं तर डब्याला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं (टाइप करताना इंग्रजी आकडे). नेमका पत्ता आणि पासवर्ड डब्याखालच्या स्टिकरवर असतो. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, विशेषतः ‘वॅन’च्या पानाचा. तिथे पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचं, युजरनेम आणि व्हीलॅनचा क्रमांक असतो. हे कंपनीने दिलेले तपशील आहेत, त्यांना हात लावायचा नाही. तिथलंच एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १५००ऐवजी १४९२ दिसलं तरी दुरुस्त करू नये, कारण पीपीपीओईचं वेष्टण प्रत्येक पाकिटातले ८ बाइट घेतं. डब्यामागच्या छोट्या भोकात पिन खुपसून ‘रीसेट’ करायची खोड तर सोडूनच द्यावी. त्याने हे सगळं पुसलं जाऊ शकतं आणि घरातलं नेट बंद पडतं.

‘लॅन’चं पान मात्र आपलं. घरातल्या प्रत्येक उपकरणाला डबा डीएचसीपीने एक पत्ता देतो, आणि तो पुढे बदलू शकतो. फोनला त्याने फरक पडत नाही, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला पडतो. म्हणून ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये रेकॉर्डरचा मॅक क्रमांक देऊन त्याच्यासाठी १९२.१६८.१.५० असा एखादा पत्ता राखून ठेवावा.

आता ज्याच्यावर सर्वांत जास्त वेळ वाया जातो ते पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं. पुण्यात नोकरीला असलेल्याला तिथून गोठा बघायचा असतो. व्हिडिओत दाखवतात तसा तो पोर्ट उघडतो आणि कॅमेरा काही दिसत नाही. चूक बहुधा त्याची नसते. वॅनच्या पानावरचा आपला पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा ‘माय आयपी’ शोधल्यावर दिसणाऱ्या पत्त्याहून वेगळा असेल, तर आपण सीजीनॅटच्या मागे आहोत. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच. आशिया-पॅसिफिकच्या नोंदणीसंस्थेचा, एपनिकचा, मोकळा साठा १५ एप्रिल २०११ रोजी शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. तेव्हापासून कंपन्या अनेक घरं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतात; हेच सीजीनॅट. सातबाऱ्यावर गट नंबर एकच आणि आत वाटेकरी अनेक, तसंच हे. बाहेरून नुसत्या गट नंबरावर आलेल्याला तुमचा तुकडा कोणता ते कळत नाही. आपल्या डब्यात पोर्ट उघडलं तरी कंपनीच्या यंत्रावर ते बंदच राहतं.

मग मार्ग काय? बहुतेक कॅमेऱ्यांचं स्वतःचं ॲप असतं. त्यात कॅमेरा आतून बाहेर कॅमेऱ्याच्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. घरासाठी हेच पुरेसं आहे. नेटची कंपनी देत असेल तर महिन्याला जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो, पण मग दार खरोखर उघडं होतं. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर जगभरातून गोळा केले, आणि त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. तेव्हा रेकॉर्डरचा आणि डब्याचा मूळ पासवर्ड आजच बदला. ‘रिमोट मॅनेजमेंट’ आणि ‘डब्ल्यूपीएस’ बंद करा, आणि खास गरज नसेल तर ‘यूपीएनपी’ही. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा ३ ठेवा.

व्हॉट्सॲप चालतंय पण वेबसाइट उघडत नाहीत, असं वारंवार होत असेल तर डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर, बदलून बघावा: १.१.१.१ किंवा ८.८.८.८.

वायफायचं चॅनेल गावठाणात महत्त्वाचं, जिथे भिंतीला भिंत लागून घरं आहेत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हीच चॅनेलं एकमेकांवर चढत नाहीत, शेजारी कमी असतील ते घ्या. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एकदोन भिंतींतच दमतो. वस्तीवर शेजारी नाहीत, तिथे अडचण पत्र्याची. पत्रा वायफाय अडवतो, आणि पत्र्याच्या गोठ्यात कुठलंही चॅनेल निवडा, कॅमेरा अडखळणारच. तिथे तारच टाकावी. साध्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. मोकळ्या अंगणातून नेलेली तांब्याची तार जवळ कोसळलेल्या विजेचा झटका डब्यापर्यंत आणू शकते, म्हणून लांबच्या गोठ्याला छोटी फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा छोटा डबा) हा उपाय मला जास्त पटतो.

लाइट गेली की डबा बंद, कारण खांबावरून आलेल्या फायबरमधून वीज येत नाही. डब्याच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून, बहुधा १२ व्होल्टचा, छोटा यूपीएस घ्यावा. गोठ्याकडच्या कन्व्हर्टरला आणि कॅमेऱ्यालाही तशीच सोय लागते, नाहीतर घरात नेट चालू राहतं आणि नेमका अंधार पडल्यावर गोठा दिसेनासा होतो.