चेंडू आंत येतांना पंचानें कोठें उभें राहावें?

बास्केटबॉलचा सामना पाहावयास आपण जातां तेव्हां एक गोष्ट आपल्या लक्षांत आली असेल. चेंडू रेषेबाहेर गेला, पंचानें शिट्टी वाजविली, कीं प्रेक्षक सैल होऊन बसतात. कोणी पाणी पितो, कोणी शेजाऱ्याशीं बोलूं लागतो. घड्याळ थांबलेलें, चेंडू पंचाच्या हातांत; तेव्हां खेळहि थांबला असें आपण समजतों. शाळामास्तर असतांना मीं मुलांचे पुष्कळ सामने पंच म्हणून खेळविले. त्या अनुभवावरून सांगतों कीं, चेंडू बाहेरून आंत टाकण्याच्या, म्हणजे थ्रो-इनच्या, ह्या चार-पांच सेकंदांत पंचाला नियमांच्या पाठांतराचा उपयोग थोडाच होतो. तो कोठें उभा आहे व त्याचें तोंड कोणीकडे आहे, ह्यावर सारें अवलंबून असतें.

हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनीं डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं वाय्. एम्. सी. ए. च्या विद्यालयांत प्रथम खेळविला. पुढच्याच महिन्यांत त्यांचे तेरा नियम छापून निघाले. चेंडू आंत टाकणारास पांच सेकंदांची मुदत त्या पहिल्या नियमांतच आहे आणि ती आजहि तशीच आहे. परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पंचांच्या कामाची वांटणी. नेस्मिथ यांनीं दोन अधिकारी नेमले: अंपायर हा माणसांचा न्यायाधीश आणि रेफरी हा चेंडूचा न्यायाधीश. पुढें नियमांची संख्या वाढली, नांवें बदललीं, मोठ्या सामन्यांत पंच दोनाचे तीन झाले. पण थ्रो-इनच्या वेळीं जुनी वांटणी पुन्हा डोकें वर काढते. एकानें चेंडू पाहावा, दुसऱ्यानें माणसें पाहावीं. दोघांनींहि चेंडूच पाहिला तर काय होतें, तें मीं स्वतः भोगलें आहे. किंबहुना माझ्यामुळें एका मुलाला भोगावें लागलें.

आंतरशालेय सामना होता. दुसरे पंच नवखे होते. टोंकाच्या रेषेबाहेरून चेंडू आंत यावयाचा होता. मीं तो टाकणाऱ्या मुलाच्या हातीं दिला आणि तेथेंच, त्याच्या पुढ्यांत, मैदानाकडे जवळजवळ पाठ करून सेकंद मोजूं लागलों. माझे सहकारीहि चेंडूकडेच पाहत होते. चेंडू सुटल्यावर मी वळलों, तों बास्केटखालीं एका मुलाचें कोपर दुसऱ्याच्या छातीवर बसतांना दिसलें. मीं शिट्टी वाजविली. त्या मुलाचा तो पांचवा अपराध होता; नियमाप्रमाणें त्याला बाहेर जावें लागलें. जातां जातां तो एवढेंच म्हणाला, “सर, त्यानें माझा सदरा धरला होता. तुम्हीं पाहिलें नाहीं.” मीं पाहिलें नव्हतें हें खरेंच होतें. कोपर मीं पाहिलें होतें, आणि पंचाला जें दिसत नाहीं त्याची शिक्षा तो देऊं शकत नाहीं. सामना संपल्यावर त्याच्या सदऱ्याची तुटलेली गुंडी मला कोणीं तरी आणून दाखविली. तिचें मीं काय करणार?

आतां पाहा, त्या पांच सेकंदांत पंचाला काय काय पाहावें लागतें. चेंडू टाकणारानें नेमून दिलेल्या जागेपासून बाजूला, दोन्हीकडे मिळून, एक मीटरहून अधिक सरकूं नये. मागें मात्र हवें तितकें जावें. चेंडू हातांत असतांना त्यानें मैदानांत पाऊल ठेवूं नये. पुढच्या खेळाडूनें रेषेपलीकडे हात घालूं नये. रेषेमागें भिंत किंवा दुसरा अडथळा दोन मीटरांच्या आंत असेल तर इतरांनीं टाकणारापासून एक मीटर दूर राहावें. आणि ह्या सर्वांच्या पलीकडे आठ खेळाडू ढकलाढकलीच्या बेतांत असतातच.

सुतार फळी सरळ आहे कीं नाहीं हें पाहतो तेव्हां एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकतो. रेषेपलीकडे गेलेला हात असाच रेषेच्या अंगानें पाहिला तर दिसतो, समोरून दिसत नाहीं. म्हणून कोणी म्हणेल कीं पंचानें अगदीं रेषेवर उभें राहावें. तसें केलें तर बचाव करणारा पहिला खेळाडूच पडद्यासारखा आड येतो व मागची गर्दी झांकली जाते. तेव्हां रेषेपासून एखादें पाऊल मागें आणि टाकणारापासून दीड-दोन पावलें बाजूला, अंग किंचित् तिरपें, असें उभें राहिलें म्हणजे टाकणाराचे पाय, रेषा, पुढच्याचे हात व बास्केटखालची गर्दी हीं सारीं एका दृष्टिक्षेपांत येतात. चेंडू देऊन लगेच एक पाऊल मागें सरण्याची संवय ह्याचसाठीं लावून घ्यावी. जवळ गेलें म्हणजे अधिक दिसतें ही नवख्यांची समजूत अगदीं चुकीची आहे.

पण बाजूला म्हणजे कोणत्या बाजूला? टोंकाच्या रेषेवर टाकणाराच्या एका अंगास बास्केट असतें व दुसऱ्या अंगास मैदानाचा कोपरा. जाणत्या पंचांतहि येथें दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, बास्केटच्या अंगास उभें राहा. चेंडू आंत गेला कीं खेळ तिकडेच वळणार. दुसरा म्हणतो, कोपऱ्याच्या अंगास राहा, म्हणजे टाकणारा आणि गर्दी दोन्ही तुमच्या एकाच बाजूस येतील. माझें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. बास्केटच्या अंगास राहिलें तर टाकणारा एका हातास, गर्दी दुसऱ्या हातास, आणि मान सारखी घड्याळाच्या लंबकासारखी हलते. मात्र टाकण्याची जागा कोपऱ्यालाच भिडली असेल तर पलीकडे उभें राहण्यास वाव नसतो. तेव्हां मुकाट्यानें आंतल्या अंगास यावें. फळ्याच्या थेट मागून चेंडू टाकावयाचा नसतो, हेंहि जागा दाखवितांना विसरूं नये.

आतां दुसऱ्या पंचाकडे वळूं. परीक्षेच्या खोलींत दोन पर्यवेक्षक असले तर ते एकाच दाराशीं गप्पा मारीत उभे राहत नाहींत (निदान राहूं नयेत). ते समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभे राहतात, म्हणजे प्रत्येक बाक दोघांच्या मधोमध येतो. पंचांनींहि तसेंच कर्णरेषेंत उभें राहावें आणि दहाहि खेळाडू आपल्या दोघांच्या मध्यें कोंडून घ्यावे. एकजण टोंकाच्या रेषेवर चेंडू देत असेल तर दुसऱ्यानें विरुद्ध बाजूस, मधल्या रेषेच्या पुढें, खेळाडूंच्या पाठीमागें राहावें. चेंडू त्याचा नव्हे. चेंडूवांचून धांवणारीं, वाट अडविणारीं, सदरा धरणारीं माणसें त्याचीं. चेंडू बाजूच्या रेषेवरून आंत यावयाचा असला तरी हाच कर्ण फिरवावयाचा: एकजण त्या बाजूस गेला कीं दुसऱ्यानें पलीकडे सरकावें. ह्या सरकण्याचा आळस फार दिसतो.

बास्केट झाल्यावरची गोष्ट निराळी. तेव्हां पंच चेंडू हातीं देत नाहीं, आणि टाकणारास टोंकाच्या रेषेमागें हवें तेथें धांवतां येतें. पंचानें मध्यें लुडबूड न करितां दूर राहून मोजावें.

चेंडू देण्यापूर्वीं सहकाऱ्याकडे व घड्याळवाल्याकडे एकदां नजर टाकावी. घड्याळ सुरू होतें तें चेंडू हातांतून सुटल्यावर नव्हे, तर मैदानांतील खेळाडूचा त्याला नियमानुसार स्पर्श झाल्यावर. त्या क्षणीं पंच वर केलेला हात खालीं आणतो. तो हात घड्याळवाल्याला दिसेल अशीच जागा धरली पाहिजे. खेळाडूंच्या आड उभ्या राहिलेल्या पंचाची खूण त्याला कोठून दिसणार?

खूण म्हटली कीं मला म्युनिकचा ऑलिंपिक अंतिम सामना आठवतो. ९ सप्टेंबर १९७२ च्या रात्रीं तो सुरू झाला तेव्हां मध्यरात्र व्हावयास आली होती. तीन सेकंद उरले असतां अमेरिका ५०, सोव्हिएट रशिया ४९ अशी स्थिति होती. गोंधळामुळें ह्या तीन सेकंदांसाठीं रशियानें टोंकाच्या रेषेवरून तीन वेळां चेंडू आंत टाकला. तिसऱ्या वेळीं इव्हान येदेश्को टाकणारा होता व त्याच्यासमोर टॉम मॅकमिलन हा सहा फूट अकरा इंच उंचीचा अमेरिकन खेळाडू हात पसरून उभा होता. बल्गेरियाचे पंच आर्तेनिक आराबाजियान यांनीं हातानें खूण केली. मॅकमिलन मागें सरला. येदेश्कोला मोकळी वाट मिळाली. त्यानें मैदानाच्या एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाला चेंडू फेंकला, अलेक्झांडर बेलोव्हनें तो झेलून बास्केटमध्यें टाकला आणि ५१-५० असा निकाल लागला. पंचांनीं आपल्याला मागें हटविलें असें मॅकमिलन म्हणत आला. तशी आज्ञा केली नव्हती असें पंचांनीं पुढें सांगितलें. अमेरिकन संघानें रौप्यपदकें स्वीकारलीं नाहींत. कोण खरें ह्याचा निवाडा मी करीत नाहीं. पण चेंडू देतांना खूण करावयाची तर ती चेंडू देण्याआधीं करावी, आणि तिचे दोन अर्थ निघूं नयेत, एवढें त्या रात्रीवरून माझ्यासारख्या साध्या मास्तरालाहि कळतें.

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ह्याची सोय आहे. चौथ्या डावाचीं शेवटचीं दोन मिनिटें राहिलीं म्हणजे पंच चेंडू देण्यापूर्वीं बचाव करणारास रेषा न ओलांडण्याचा ठराविक इशारा देतो. त्यानंतर ओलांडली तर तांत्रिक अपराध. शिवाय २०२२ सालच्या नियमावलीपासून, त्याच शेवटच्या काळांत, चेंडू अजून पंचाच्या किंवा टाकणाराच्या हातांत असतां बचाव करणाऱ्यानें कोणाला धरलें वा ढकललें, तर प्रतिपक्षाला एक फ्री थ्रो मिळतो व वर चेंडूहि मिळतो. म्हणजे सदरा धरण्याचें मोल आतां चांगलेंच वाढलें आहे, आणि तें ठरविणारे डोळे बहुधा दुसऱ्या पंचाचे असतात.

पुढच्या वेळीं मुलांचा सामना पाहावयास गेलां, तर शिट्टी होतांच पाण्याकडे वळूं नका. ज्याच्या हातांत चेंडू नाहीं त्या पंचाकडे पाहा. त्याची नजर गर्दीवर असेल तर आपल्या मुलाचा सदरा सुरक्षित आहे असें समजा.