सिंह नसलेल्या मुलखातला सिंह

गेवराई तालुक्यातल्या आमच्या चकलांब्याच्या शिवारात सिंह कुणी पाहिलेला नाही. इथल्या रानात भीती बिबट्याची. 2020 साली बीड जिल्ह्यातच, आष्टी तालुक्यात त्यानं माणसं मारली, तेव्हा रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी द्यायला जायला लोक धजेनात. ऊसतोडीला गेलेल्यांनाही फडात धास्ती त्याचीच. आशियाई सिंह उरला तो गुजरातेत. 2025 च्या गणनेत 891 भरला. तरीही जंगलाचा राजा कोण म्हणून विचारा, पहिलीतलं पोर सिंहाचंच नाव घेईल. न पाहिलेल्या जनावराला एवढा मान देणारे आपण लोक!

या मानाची एक जुनी गोष्ट आपल्याच नदीकाठची आहे. गेवराई तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, आणि तिच्याच काठी वरच्या अंगाला पैठण. तिथल्या सातवाहन राजाची जन्मकथा सोमदेवानं 11 व्या शतकात काश्मीरमध्ये बसून ‘कथासरित्सागर’मध्ये सांगितली. निपुत्रिक दीपकर्णी राजाला शिकारीत सिंहाच्या पाठीवर बसलेलं पोर दिसतं. सिंह पोराला खाली ठेवून पाण्यावर जातो, राजा बाण सोडतो आणि सिंहाच्या जागी पुरुष उभा राहतो. तो सात नावाचा यक्ष. ऋषिकन्येशी गुपचूप लग्न केलं म्हणून शापानं दोघंही सिंह झालेली. पोर जन्मलं आणि आई गेली. मग या बापानं त्याला दुसऱ्या सिंहिणींच्या दुधावर वाढवलं. आईविना लेकरासाठी दूध शोधत हिंडणारा हा सिंह मला आपल्या सगळ्या कथावाङ्मयात सर्वांत जवळचा वाटतो. पण बाण लागताच कळतं की तो मुळी सिंह नव्हताच.

आपल्याकडे नेहमी असंच होतं. पंचतंत्रातला पिंगलक म्हणजे कानाचा हलका राजा; दमनक कोल्ह्यानं त्याचे कान भरले आणि संजीवक बैलाचा जीव गेला. विहिरीत उडी घेणारा सिंह तर सशाच्या हुशारीसाठीच जन्मलेला. सिंहगडाच्या गोष्टीत सिंह म्हणजे तानाजी. त्यावर 1903 साली हरि नारायण आपट्यांनी कादंबरी लिहिली, 1923 मध्ये बाबूराव पेंटरांनी चित्रपट काढला. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मध्ये उरली ती नुसती खुर्ची.

देवादिकांतही तीच तऱ्हा. कीर्तनात प्रल्हादाचं आख्यान रंगलं, खांब दुभंगला की टाळकरीसुद्धा सावरून बसतात. पण तिथंही सिंह अर्धाच. देवीखाली तो पूर्ण असतो, तर कॅलेंडरवाले चित्रकार हवं तेव्हा त्याला पट्टे काढून वाघ करतात, आणि कुणाची तक्रार येत नाही! वाघाची तशी थट्टा चालत नाही. त्याची ठाणी आहेत, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आहे. ज्याचा धाक खरा, त्याला नैवेद्य.

सिंहाला सिंह म्हणून भेटायचं तर मराठीत सर्कशीच्या तंबूतच शिरावं लागतं. विष्णुपंत छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात देशी सर्कस उभी केली. पुढं पुण्याचे दामू धोत्रे थेट अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोचले. ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे त्यांचं आत्मकथन भानू शिरधनकरांनी शब्दबद्ध केलं. त्यातलं जनावर यक्ष नाही, राजा नाही. पिंजऱ्यात पाऊल टाकण्याआधी त्याची त्या दिवसाची मिजास ओळखावी लागते. चुकलं तर पंजा बसतो. अर्थात तो पिंजऱ्यातला सिंह, हे विसरून चालणार नाही. वाघ-सिंहांचे असे खेळ कायद्यानं बंद झाले, ते बरंच झालं.

आताची पोरं सिंह ओळखतात ते ‘लायन किंग’मुळे, तेही हिंदीतून. बघू द्या. मात्र सुट्टीत त्यांना पैठणच्या त्या सिंहाची गोष्ट एकदा सांगा, आणि गावच्या वाचनालयात धोत्र्यांचं पुस्तक नसेल तर मागवून घ्या.