व्यायामातील अर्धशक्ती आणि मॅरेथॉनची तयारी

रुग्णास व्यायामाला प्रवृत्त करणे, हेच आजवर आपणा वैद्यांचे मुख्य काम होते. स्थौल्य असो वा प्रमेह, 'थोडे चालत जा' हे सांगता सांगता आपला घसा कोरडा पडतो. अलीकडे मात्र याच्या अगदी विरुद्ध टोकाचा रुग्ण चिकित्सालयात दिसू लागला आहे. मुंबईत २००४ साली मॅरेथॉन सुरू झाली आणि पुढे लहान शहरांतही अशा शर्यतींचे लोण पोहोचले. आयुष्याची पंधरा-वीस वर्षे खुर्चीत काढलेला चाळिशीतील नोकरदार आता ४२.१९५ किलोमीटर धावण्याचा संकल्प सोडतो. संकल्प स्तुत्यच आहे. परंतु त्यापायी रोजचा उत्साह आणि पुढील वीस वर्षांचे आरोग्य गहाण पडू नये, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

येथे प्रथम स्वतःची एक चूक नमूद करतो. ४२ वर्षांचे एक गृहस्थ ऐन भाद्रपदात माझ्याकडे आले. थकवा, खंडित निद्रा, मंदावलेली भूक आणि नडगीत वेदना अशी लक्षणे होती. 'स्टॅमिना वाढेल असे काहीतरी द्या,' ही त्यांची मागणी. मी अश्वगंधा व बला यांची योजना केली, अभ्यंग सांगितले. मात्र ते आठवड्यात किती धावतात, हे विचारलेच नाही. औषधाच्या भरवशावर त्यांनी धावणे वाढविले. सहा आठवड्यांनी नडगीच्या अस्थीस सूक्ष्म भंग झाल्याचे निदान झाले. हेतू चालूच ठेवून रसायन देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. निदानपरिवर्जनाचा पहिला धडा मी विसरलो होतो.

अर्धशक्ती म्हणजे काय?

स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवान मनुष्याने शीतकाळी व वसंत ऋतूत अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा आणि इतर काळी त्याहूनही अल्प करावा, असे वाग्भटाचार्यांचे मत आहे. अर्धी शक्ती मोजावी कशी, याचे उत्तर सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मिळते. व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजे श्वास तोंडाने घ्यावा लागला, की बलार्धाची मर्यादा आली असे समजावे. ललाट, नासिका व कक्षा येथील स्वेद आणि मुखशोष ही लक्षणे टीकाकारांनी जोडली आहेत. धावताना सोबत्याशी सलग वाक्ये बोलता येतात का, ही आधुनिक प्रशिक्षकांची कसोटी याच जातीची आहे.

महत्त्वाची गोष्ट ही की, अर्धशक्ती हा किलोमीटरचा आकडा नव्हे. ती व्यक्तीगणिक, ऋतूगणिक आणि दिवसागणिक बदलते. रात्रपाळी करून आलेल्याची आजची अर्धशक्ती कालच्याएवढी नसते. उलट, नियमित अभ्यासाने बल वाढले की त्याचा अर्धा भागही वाढतो. म्हणून हे सूत्र महत्त्वाकांक्षेच्या आड येत नाही. ते तिला पायऱ्या घालून देते.

ऋतुबलाचा विचार

चरकाचार्यांनी ऋतुपरत्वे बलाचा क्रम सांगितला आहे. वर्षा व ग्रीष्म ऋतूंत बल अल्प, शरद व वसंतात मध्यम आणि हेमंत-शिशिरात उत्तम असते. मुंबईची शर्यत जानेवारीत, म्हणजे उत्तम बलाच्या काळात होते. अडचण तयारीत आहे. नवशिके धावपटू जून-जुलैत प्रारंभ करतात आणि उत्साहाच्या भरात पावसाळ्यातच अंतर दुप्पट करतात. तेव्हा अग्नी मंद व वात प्रकुपित असतो. वर्षाऋतुचर्येत आयास वर्ज्य सांगितला आहे. पुढे आश्विनातील उन्हात पित्ताची भर पडते.

तयारीची आखणी ऋतुबलाप्रमाणे करणे अवघड नाही. पावसाळ्यात चालणे, सूर्यनमस्कार व अल्प धावणे. शरदात उन्हापूर्वी मध्यम अंतर. दीर्घ अंतराचा सराव हेमंतात. पहिल्या वर्षी एवढ्यात ४२ किलोमीटर बसत नसतील, तर २१ किलोमीटरवर समाधान मानावे व पूर्ण शर्यत पुढील वर्षी धावावी. सामान्य आरोग्यासाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम पुरेसा असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. त्यापुढील श्रम हे आरोग्यासाठी नसून ध्येयासाठी आहेत, याची जाणीव रुग्णास द्यावी.

अतिव्यायामाची ओळख

तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर व छर्दी ही अतिव्यायामाची फळे संहितांत दिली आहेत. शोषनिदानात तर स्वबलाबाहेरचे साहस हे पहिले कारण मानले आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये, व्यायामाच्या मानाने आहार अपुरा पडल्यास होणाऱ्या विकारांचे एकत्रित वर्णन केले. त्यात रजोरोध, अस्थिदौर्बल्य व व्याधिक्षमत्वाचा ऱ्हास यांचा समावेश आहे. आपल्या परिभाषेतील धातुक्षयाशी ते चित्र बरेच जुळते.

अशा प्रत्येक रुग्णास पुढील प्रश्न विचारावेत : सकाळी उठताना ताजेतवाने वाटते काय? जाग येताच मोजलेली नाडीगती नेहमीपेक्षा वाढली आहे काय? भूक, निद्रा व मलप्रवृत्ती प्राकृत आहेत काय? स्त्रीरुग्णांत आर्तव नियमित आहे काय? धावण्याव्यतिरिक्तच्या कामांत उत्साह टिकतो काय? सम्यक् व्यायामाने लाघव, कर्मसामर्थ्य व दीप्त अग्नी प्राप्त होतात. ज्याला दुपारी कार्यालयात डोळे उघडे ठेवणे कठीण जाते, त्याचा व्यायाम सम्यक् नव्हे, मग घड्याळातील वेळ कितीही सुधारलेली असो.

श्रमकाळी छातीत वेदना, मूर्च्छा वा अनियमित हृत्स्पंदन असल्यास व्यायाम तत्काळ थांबवून हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवावे. अतिश्रमानंतर मूत्र गडद तपकिरी झाल्यास स्नायूंचा नाश होऊन वृक्कास धोका संभवतो. अशा रुग्णास घरगुती उपचारात न अडकवता त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे.

औषधविक्रेत्यांसाठी

१९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन विजेते थॉमस हिक्स यांना धावताना स्ट्रिकनीन व ब्रँडी देण्यात आली होती. अखेरच्या टप्प्यात त्यांना आधार देऊन पुढे न्यावे लागले. हेच स्ट्रिकनीन कुपीलूमध्ये असते आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध सूचीत त्याचे नाव आहे. विषतिंदुक वटी वा अग्नितुंडी वटी ही शोधित द्रव्याची, वैद्याच्या देखरेखीखाली द्यावयाची औषधे आहेत. 'ताकदीची गोळी' म्हणून ती धावपटूच्या हाती देऊ नयेत. स्पर्धक खेळाडूस एखाद्या मागणीने परतवावे लागले, तर तो तोटा मानू नये.

माझे ते रुग्ण तीन महिने विश्रांती घेऊन पुन्हा धावू लागले. आता ते पावसाळ्यात चालतात, धावल्यानंतर सुखकर मर्दन करतात आणि अंतर वाढविण्यापूर्वी झोपेची विचारपूस स्वतःच करतात. 'अति तेथे माती' हे आपण रुग्णास सहज ऐकवतो. पण अति कोठे सुरू होते, ते मोजून दाखविल्याशिवाय त्या उपदेशास अर्थ नाही. ते मोजण्याचे साधन आचार्यांनी आपल्या हाती दिले आहे. औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्याचा उपयोग करावा, एवढीच वैद्यबंधू-भगिनींस विनंती.